दूधआई आणि लांबलेला पाळणा

मुमताज महल १६३१ साली तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात वारली, ती चौदाव्या बाळंतपणात. लग्न १६१२ सालचे. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे. म्हणजे सरासरी दर सोळा महिन्यांनी एक. ताजमहालाची गोष्ट सांगणारे शहाजहानच्या प्रेमापाशी थांबतात. मला या आकड्यांपाशी थांबावेसे वाटते.

मुघल घराण्यात राजपुत्रांना पाजायला दाया नेमण्याची रीत होती. त्यांचा मान मोठा. अकबराची दूधआई जीजी अनगा; तिचा नवरा शम्सुद्दीन अतगा खान पुढे मोठ्या पदाला चढला आणि मुलगा अझीझ कोका बादशहाचा दूधभाऊ म्हणून मिरवला. या मानापानाचा इतिहास लिहिला गेला. पण मूल दुसरीच्या अंगावर गेले की जन्मदात्रीच्या शरीराचे काय होते, हे त्यात येत नाही.

बाळ वारंवार ओढते तेव्हा आईच्या मेंदूकडे संदेश जातो आणि बीजकोशाला चालना देणारी संप्रेरके मंदावतात. बीज सुटत नाही, पाळी येत नाही. पाजणे थांबले की हा अडसर लवकर दूर होतो. कलहारीतील कुंग लोकांच्या आया दिवसा तासातून अनेकदा, थोडे थोडे पाजत. त्यांच्या दोन मुलांत सुमारे ४४ महिन्यांचे अंतर असल्याचे कॉनर आणि वर्थमन या अभ्यासकांनी १९८० साली मांडले. राणी आणि दाई शेजारी ठेवून पाहिल्या, तर माझा तर्क असा, की वैभवाने राणीची झोप राखली, पण निसर्गाने दिलेली विश्रांती काढून घेतली. ती विश्रांती दाईच्या वाट्याला गेली, तीही पगारी दुधाच्या मोबदल्यात.

हे ज्ञान शास्त्राच्या भाषेत यायला १९८८ साल उजाडले. इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तीन अटी ठरवल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, पाळी परत आलेली नसावी आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच असावे. तिन्ही पाळल्या तर संरक्षण ९८ टक्क्यांहून अधिक. एक जरी सुटली तरी दुसरा उपाय हवाच. कारण बीज पाळीच्या आधी सुटते, आणि पाळी न येताच दिवस जाऊ शकतात.

आपण संततिनियमनाचा इतिहास र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत काढलेल्या केंद्रापासून सांगतो, आणि ते योग्यच आहे. बाईच्या हाती निवड देणारी साधने तिथून आली. पण त्याआधीही पाळणा लांबत होता. कुणाचा लांबायचा आणि कुणाचा नाही, हे मात्र बाळ कुणाच्या मांडीवर आहे यावर ठरे. आजही रोजंदारीवर जाणारी, तान्हे घरी ठेवणारी बाई तिसरी अट पाळू शकत नाही. तिला नुसते ‘अंगावर पाज’ सांगून भागणार नाही. तिला बाळंतपणाची भरपगारी रजा हवी, कामाजवळ पाळणाघर हवे, आणि हवे तेव्हा दुसरे साधनही.