तांब्याच्या पैशावर कुणाचं नाव?

आज आपण सोन्या-चांदीच्या मोहात न पडता तांब्याकडे पाहणार आहोत.

अठराव्या शतकात वाईच्या बाजाराला निघालेल्या माणसाच्या कनवटीला काय असेल, याचा विचार करू. रुपया असलाच तर चांदीचा, आणि त्यावर फारसी अक्षरांत दिल्लीच्या बादशहाचं नाव. छत्रपतींची गादी साताऱ्याला, कारभार पेशव्यांचा, तरी अंकुशी रुपयावर नाव मुघलांचं! कारण चांदी लांब जायची. अनोळखी छापाला सराफ बट्टा कापणार, म्हणून ओळखीचा छाप ठेवलेला बरा.

भाजीला मात्र शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि तेही नागरीत. 1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालेला हा मजकूर महाराजांच्या मागे पेशवाईतही चालू राहिला. शेवटी शेवटी अक्षरं इतकी मोडली, की ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या की लोक ओळखायचे, ही दुदांडी शिवराई.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही बरं का. सातव्या शतकातल्या सीरियात जाऊ. अरबांनी मुलूख जिंकला, तरी तांब्याच्या नाण्यांवर बराच काळ क्रूस धरलेला बायझंटाइन सम्राटच उभा होता. शेजारी ग्रीक आणि अरबी अक्षरं. 696-97 च्या सुमारास खलिफा अब्द अल-मलिकने सोन्याचांदीवरची चित्रं काढून फक्त अक्षरं ठेवली. पण ‘फल्स’ या तांब्याच्या नाण्यावर गावोगावी चित्रं येतच राहिली. होम्सच्या नाण्यांवर तर हत्ती आहे आणि उड्या मारणारा वाळवंटी उंदीरही!

दोन्हीकडे सूत्र एकच. चांदीला दरबार सांभाळावा लागतो, तांब्याला बाजार. तांबं गावाबाहेर फारसं जात नाही, म्हणून त्यावर गावाला पटणारी खूण टिकते. राजसत्तेचा दावा चांदीवर वाचावा; लोकांनी मनाने कुणाला राजा मानलं, याचा माग तांब्यावर काढावा.

आणि हाच पुरावा आपण हातांनी पुसतो. देव्हाऱ्यातली शिवराई चिंच लावून लख्ख घासली, की अक्षरं झिजतात. मोडीत घातली, की ती वितळून जाते. कुठे सापडली हे विसरलं, तर अर्धा इतिहास तिथेच संपला. तेव्हा मंडळी, एवढं करा: घरात शिवराई असेल, तर घासू नका. कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा, कुठल्या गावची, कुणाकडून आली.