जिथे घर, तिथेच कर?

सेवाग्राम किंवा सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला डॉक्टर अमेरिकेला जातो, तिथे घर घेतो आणि पुढे आई-वडिलांसाठी वर्ध्याला परततो. तिकडचं घर न विकता तो भाड्याने देतो. अशा कुटुंबांत एक समजूत पक्की रुजलेली आहे : भाडं अमेरिकेत उगवतं, कर अमेरिकेत भरला, दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, मग इथल्या विवरणपत्रात ते दाखवायचं कशाला? ही समजूत चुकीची आहे, आणि ती महागात पडते.

तरीही पूर्वपक्ष पोकळ नाही. राष्ट्रसंघाने नेमलेल्या चार अर्थतज्ज्ञांनी १९२३ साली दुहेरी करआकारणीवर अहवाल दिला. स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर मुख्य हक्क ती जिथे आहे त्या देशाचा, अशी मांडणी त्यात होती. त्या चौघांपैकी कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन हे डॉ. आंबेडकरांचे गुरू. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा करणारे जे. सी. कुमारप्पाही त्यांच्याचकडे सार्वजनिक वित्त शिकले. विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

पूर्वपक्षाचा खरा आधार मात्र सर्वोच्च न्यायालयाचा आहे. कुलंदगन चेट्टियार खटल्यात, २००४ साली, मलेशियातल्या रबराच्या मळ्यांचा प्रश्न होता. करारात अशा उत्पन्नावर मलेशियात ‘कर आकारता येईल’ असं म्हटलं होतं. न्यायालयाने त्याचा अर्थ तिथेच कर, भारतात नाही, असा लावला. आजही अनेक जण, त्यांत काही करसल्लागारसुद्धा, या निकालावर विसंबतात.

पुढे काय झालं ते सांगायचं मात्र राहून जातं. करारातल्या शब्दांचा अर्थ अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ९०(३)ने केंद्र सरकारला दिला. तो वापरून २८ ऑगस्ट २००८ रोजी अधिसूचना क्रमांक ९१ निघाली. करारात दुसऱ्या देशात ‘कर आकारता येईल’ असं म्हटलं असेल, तरी रहिवाशाचं ते उत्पन्न भारतातल्या एकूण उत्पन्नात धरलं जाईल आणि दिलासा करारातल्या पद्धतीने मिळेल, असं तिने स्पष्ट केलं. अधिसूचना बाजूला ठेवली तरी भारत-अमेरिका करार (१९८९) स्वतःच बोलतो. त्याचं सहावं कलम स्थावर मालमत्तेचं. पंचविसाव्या कलमानुसार अमेरिकेत भरलेला कर भारताने आपल्या करातून वळता करून द्यायचा. भाड्यावर भारतात करच नसता, तर तो वळता करायचा कशातून? पहिला हक्क म्हणजे एकमेव हक्क नव्हे.

यावर ‘कर भरलाच आहे ना, तो वळता होईल, फरक काय पडतो?’ असा प्रतिप्रश्न येतो. फरक मोठा पडतो. समजा, वर्षाचं भाडं २० लाख रुपयांइतकं आणि स्थानिक मालमत्ता कर ४ लाख. कर्ज नाही. अमेरिकेत भाड्याने दिलेल्या घराच्या इमारतीवर साडेसत्तावीस वर्षांत घसारा मिळतो; इमारतीची किंमत ३ कोटी ३० लाख असेल तर वर्षाला १२ लाख. विमा, दुरुस्ती, देखरेख यांचे आणखी ४ लाख वजा जाता तिथलं करपात्र उत्पन्न शून्य. भारतात घरभाड्याच्या सदरात घसारा नाही आणि प्रत्यक्ष दुरुस्तीही धरत नाहीत. मालमत्ता कर वजा करून उरलेल्या १६ लाखांतून ठोक ३० टक्के सोडले जातात. ११ लाख २० हजार करपात्र उरतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकरासह, हा कर सुमारे साडेतीन लाख होतो. वळता करायला तिकडचा एक पैसाही नाही. ‘तिथे भरला’ म्हणणाऱ्याने तिथे केवळ विवरणपत्र भरलेलं असतं.

उलटी भीतीही तितकीच निराधार आहे. विमानतळावर उतरल्या दिवसापासून जगभरच्या कमाईवर कर लागतो, असं समजून लोक घाईने घर विकतात. मागच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून अधिक न राहिलेला माणूस ‘रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही’ या वर्गात मोडतो. परदेशातलं भाडं तिकडेच जमा होत असेल तर त्याला इथे त्यावर कर नाही. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना ही मुभा साधारण दोन-तीन वर्षं मिळते. परकीय चलन कायद्याचं (१९९९) कलम ६(४) तर अनिवासी असताना घेतलेलं तिकडचं घर ठेवण्याची उघड परवानगी देतं. १ एप्रिल २०२६पासून आयकराचा २०२५चा नवा कायदा लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, रहिवासाच्या कसोटीचा गाभा तोच राहिला.

म्हणून परतणाऱ्यांना कळकळीची विनंती : पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिवस मोजा आणि सामान्य रहिवासी ज्या वर्षी व्हाल त्या वर्षापासून ते घर परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहा, भाडं शून्य असलं तरीही. २०१५च्या काळा पैसा कायद्याने ही माहिती दडवल्यास १० लाखांचा दंड ठेवला आहे. ऑक्टोबर २०२४पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तांना या दंडातून सूट मिळाली; स्थावर मालमत्ता त्या सुटीतून वगळलेली आहे.