अंगणवाडीतलं अंगण कुठे गेलं?

अंगणवाडी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? खिचडी, वजनकाटा, लसीकरणाचा दिवस आणि रजिस्टरांच्या ढिगामागे बसलेल्या ताई. दौंडमध्ये वाढलेल्या माझ्या मनातही हेच चित्र होतं. हा शब्द शिक्षणाच्या एका प्रयोगातून आला आहे, आणि तो प्रयोग करणाऱ्या दोघींपैकी एक आमच्या शेजारच्या बारामती तालुक्यातल्या मोरगावची, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

अनुताई वाघ यांचा जन्म मोरगावचा, १९१० सालचा. कोवळ्या वयात लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ साली बोर्डीला त्या ताराबाई मोडकांना येऊन मिळाल्या आणि पुढे आयुष्यभर तेच काम करत राहिल्या.

ताराबाई तोवर बालशिक्षणात मुरलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं होतं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यामागेही हे दोघं होते. दोघांवर प्रभाव होता मारिया माँटेसरींचा. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडलं होतं. मूल हाताने शिकतं, हे त्यांचं म्हणणं. पण त्यांची लाकडी साधनं महाग होती. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणार कशी?

बोर्डीत दुसरी अडचणही समोर आली. बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांमधली मुलं येईनात. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? गुरं कोण राखणार? मग दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती झाली अंगणवाडी. गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली. ती झाली कुरणशाळा. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

महागड्या साधनांची जागा पानं, बिया, खडे, शिंपले यांनी घेतली. ही नुसती काटकसर नव्हती. माँटेसरींच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. लहान-मोठं ओळखायला शिकवणं हा त्यांचा हेतू. एकाच झाडाची दहा पानं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडली तरी मूल तेच शिकतं. शिवाय पानाला वास असतो, शिरा असतात, आणि ते झाड दारातच उभं असतं.

आणि हे सामान सर्वांत भरपूर कधी मिळतं? वसंतात. आमच्या दुष्काळी पट्ट्यातसुद्धा. फाल्गुनात रब्बीची ज्वारी निघते आणि शिवारात धाटं पडलेली असतात. धाटाची साल सोलायची, आतल्या मऊ भेंडात सालीचे तुकडे खोचायचे, की बैलगाडी तयार. चष्माही होतो. चिंचा फोडल्या की चिंचोके मिळतात. ते मोजा, जोड्या लावा, नक्षी मांडा. पिंपळाला तांबूस पालवी फुटते, कडुनिंब मोहरतो. पळसाची फुलं पाण्यात उकळली की केशरी रंग तयार. चैत्रात बायका अंगणात चैत्रांगण काढतात. त्यात सूर्य, चंद्र, पाळणा, कासव अशी किती तरी चिन्हं असतात. चार वर्षांच्या मुलाने बोटाने गिरवावीत, अशीच ती असतात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरातल्या ३३ प्रकल्पांपासून. योजनेच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. योजनेत सहा सेवा, त्यातली पूर्वप्राथमिक शिक्षणाची एक. आहार आणि लसीकरणाने किती जीव वाचले असतील, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण एकाच ताईच्या हातात पोषण, नोंदी, सर्वेक्षण आणि मोबाइलवरचं ॲप दिलं, की खेळ शेवटी उरतो. मग ज्यांना परवडतं ते आईबाप फी भरून मुलाला नर्सरीत घालतात. तिथे तीन वर्षांचं पोर छापील फुलात रंग भरतं, तोही रेषेबाहेर न जाता. बाहेर खरं फूल गळून पडलेलं असतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतलं. खेळातून शिकणं हे त्याचंही सूत्र आहे. बोर्डीच्या वस्तीत ते पाऊणशे वर्षं आधीच करून झालं होतं. तिथे इमारत नव्हती. अंगण होतं, आणि मुलांबरोबर जमिनीवर बसायला वेळ असलेली बाई होती. आजच्या ताईंना इमारत मिळते आहे, टीव्ही मिळतो आहे. तो वेळ तेवढा कुणी त्यांना परत द्यायला हवा.