विंधण विहिरीचा हातपंप आणि जिग-फिक्स्चर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नागपूरच्या पश्चिमेस दख्खनचा काळा पाषाण, तर पूर्वेस त्याहून प्राचीन कठीण खडक आढळतो. अशा भूमीत विंधण विहीर व तिच्यावरील हातपंप हा असंख्य गावांचा आधार ठरला. या पंपाच्या रचनेची चर्चा पुष्कळ होते; परंतु त्याच्या नळ्यांना अचूक छिद्रे पाडणाऱ्या कारखान्यातील साधनांची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात त्या साधनांचे महत्त्व मांडले आहे.

जालना ते इंडिया मार्क-२ :
१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडक भेदणारी यंत्रे भारतात आली व विंधण विहिरी झपाट्याने वाढल्या. त्यांवरील ओतीव लोखंडाचे पंप मात्र एका कुटुंबापुरते घडविलेले होते. अवघे गाव पाणी उपसू लागताच त्यांचे सांधे झिजत. यावरील महत्त्वाचा उपाय महाराष्ट्रातच निघाला. जालना येथील मिशनच्या कार्यशाळेत पोलादी पंप तयार झाला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. याच परंपरेतून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ व रिचर्डसन अँड क्रूडास या सरकारी कंपनीच्या सहभागाने ‘इंडिया मार्क-२’ साकारला. या कंपनीचा एक कारखाना नागपुरातही होता. मार्क-२ चे काम मात्र तिच्या मद्रास येथील कारखान्यात झाले. १९७९ मध्ये या पंपासाठी आय. एस. ९३०१ हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले.

अचूक छिद्राचे तंत्र :
नळीच्या गोल पृष्ठभागावर टेकताच ड्रिल घसरते. म्हणून नळी ‘व्ही’ आकाराच्या खाचेत आवळून धरतात आणि वरील कठीण पोलादी बुशातून ड्रिल खाली उतरवितात. फिक्स्चर वस्तूस धरून ठेवते; जिग हत्यारासही वाट दाखविते. मार्क-२ च्या दांड्यातील दोन्ही बेअरिंगांच्या जागा एका रेषेत हव्यात आणि फ्लँजवरील बोल्टची छिद्रे ठरावीक अंतरावर हवीत. रेष चुकली, तर साखळी एका बाजूस ओढली जाते व बेअरिंग अकाली झिजते. छिद्रे चुकली, तर एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपास बसत नाही आणि दुरुस्तीअभावी गावाचे पाणी अडते. अनेक उत्पादकांच्या पंपांत ही अदलाबदलक्षमता केवळ फिटरच्या हातकौशल्याने साधणे शक्य नव्हते. ती जिगमुळे साधली.

निष्कर्ष :
मानकाने मापे ठरविली. जिगने ती लोखंडात उतरविली. या प्रक्रियेत कौशल्य नाहीसे झाले नाही. ते यंत्रावरील कामगाराकडून जिग घडविणाऱ्या टूलरूमकडे सरकले. बुशही वापराने झिजतो, त्यामुळे त्याची वेळोवेळी तपासणी झाली तरच मानक टिकते. झिजलेली जिग भंगारात जाते व तिच्यासोबत तिचा इतिहासही. म्हणून ग्रामीण पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना शासकीय अहवालांइतकेच टूलरूममधील आराखडेही साधनसामग्री मानणे आवश्यक आहे.