ऊतक जुळणी परीक्षा

ऊतक जुळणी परीक्षा : एका व्यक्तीचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) किंवा अवयव दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरात बसविण्यापूर्वी प्रयोगशाळेत दोन प्रश्नांचा निर्णय करावा लागतो. दाता व ग्राही यांच्या कोशिकांवरील प्रतिजन (शरीराला परके वाटल्यास प्रतिकार जागविणारे पदार्थ) परस्परांशी कितपत मिळतेजुळते आहेत, हा पहिला प्रश्न. आणि दात्याच्या प्रतिजनांविरुद्ध ग्राहीच्या रक्तात प्रतिपिंडे (प्रतिकारासाठी शरीरात तयार होणारी विशिष्ट प्रथिने) आधीच तयार आहेत काय, हा दुसरा. यांसाठी ज्या परीक्षा करतात त्यांना ऊतक जुळणी परीक्षा म्हणतात. पहिला प्रश्न अधिक प्रसिद्ध आहे. परंतु प्रतिरोपित मूत्रपिंड पहिल्या तासात टिकेल की नाही, हे दुसऱ्यावर अवलंबून असते. या परीक्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी हा दुसरा प्रश्न उशिरा उमगल्याचा इतिहास आहे.

अवयव शस्त्रक्रियेने जोडता येतो पण तो टिकत नाही, ही अडचण विसाव्या शतकाच्या आरंभीच ध्यानात आली होती. ॲलेक्सिस कॅरेल यांनी रक्तवाहिन्या टाक्यांनी सांधण्याची पद्धत सिद्ध केली व त्याबद्दल त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याचे मूत्रपिंड काढून त्याच कुत्र्याच्या अंगात पुन्हा बसविल्यास ते काम करी. दुसऱ्या कुत्र्याचे बसविल्यास काही काळाने निकामी होई. दोष टाक्यांचा नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्तगट शोधून काढले, त्यामुळे व्यक्तिव्यक्तींतील रासायनिक भेद रक्तरसाच्या साहाय्याने ओळखता येतो हे सिद्ध झाले (पहा : रक्तगट). लंडनमध्ये पीटर गोरर यांनी १९३६–३७ च्या सुमारास उंदरांमध्ये असा एक प्रतिजन दाखवून दिला की, ज्याच्या असण्या-नसण्यावर प्रतिरोपित अर्बुदाचे (गाठीचे) भवितव्य अवलंबून असते. अमेरिकेत बार हार्बर येथे जॉर्ज स्नेल हे उंदरांच्या शुद्ध वाणांवर याच प्रश्नाचे संशोधन करीत होते. दोघांचे काम १९४८ मध्ये एकत्र आले आणि उंदरांतील ‘एच-२’ या जीनसंहतीची ओळख पटली.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर त्वचारोपण करण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा पीटर मेडावर व टॉमस गिब्सन यांनी ग्लासगो येथे एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. ते गळून पडल्यावर त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा लावले असता ते पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाले (१९४३). शरीर परके ऊतक ओळखते एवढेच नव्हे, तर ते लक्षातही ठेवते, हा या निरीक्षणाचा अर्थ होता. पुढील सर्व जुळणी परीक्षांचे बीज या एका निरीक्षणात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात यशस्वी रीत्या बसविले. त्या वेळी मानवी ऊतकांचे प्रकार ओळखण्याची एकही प्रयोगशालेय परीक्षा उपलब्ध नव्हती. भाऊ खरोखर एकयुग्मजी (एकाच फलित अंड्यापासून जन्मलेले) आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून काही आठवडे वाट पाहण्यात आली. तो टिकला, म्हणून शस्त्रक्रिया झाली. ही परीक्षा निर्णायक होती, मात्र बहुसंख्य रुग्णांना जुळे भावंड नसते आणि ज्याची त्वचा गळून पडते त्याच्या शरीरात तर या चाचणीमुळेच दात्याविरुद्ध प्रतिकार जागा होतो.

मार्ग सापडला तो रक्तसंक्रामणाच्या दुष्परिणामांतून. फ्रान्समधील झां दोसे यांना १९५२ मध्ये असे आढळले की, वारंवार रक्त दिलेल्या काही रुग्णांच्या रक्तरसात इतरांच्या श्वेत कोशिका मिसळल्यास त्यांच्या गुठळ्या होतात. रुग्णाच्या स्वतःच्या कोशिकांवर मात्र काहीच परिणाम होत नाही. अशा रक्तरसांवरून त्यांनी १९५८ मध्ये मानवी श्वेत कोशिकांवरील पहिला प्रतिजन वर्णिला. ज्या तीन स्वयंसेवकांच्या कोशिकांवर या रक्तरसांची प्रतिक्रिया झाली नाही, त्यांच्या नावांतील आद्याक्षरांवरून त्यास ‘मॅक’ हे नाव दिले गेले. पुढे तो एचएलए-ए२ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच वर्षी लायडन येथे यॉन व्हान रोड आणि स्टॅनफर्ड येथे रोझ पेन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, रक्तसंक्रामण न झालेल्या परंतु अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तातही अशी प्रतिपिंडे असतात. गर्भाला निम्मे प्रतिजन पित्याकडून मिळतात. गर्भाच्या काही कोशिका, विशेषतः प्रसूतीच्या वेळी, मातेच्या रक्तात उतरतात व तिचे शरीर त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. बाळाला यापासून सहसा अपाय होत नाही.

या शोधाने संशोधकांना साधन मिळाले. प्रसूतिगृहांतून अपरेचे (वारेचे) व मातांचे रक्त गोळा करून त्यातील उपयुक्त रक्तरस निवडणे, गोठवून ठेवणे आणि देशोदेशींच्या प्रयोगशाळांशी त्यांची देवाणघेवाण करणे, हा पुढील तीस वर्षे ऊतक वर्गीकरणाचा नित्याचा व्यवहार होता. प्रयोगशाळेचे वैभव तिच्या यंत्रांवरून नव्हे, तर तिच्या शीतकपाटातील रक्तरसांवरून मोजले जाई. एकाच रक्तरसात अनेक प्रतिपिंडे मिसळलेली असत. त्यांची निवड करण्यासाठी व्हान रोड यांनी संगणकाचे साहाय्य घेतले. जीवविज्ञानात संगणकाचा असा उपयोग तेव्हा नवाच होता.

श्वेत कोशिकांच्या गुठळ्या पाहण्याची पद्धत लहरी होती. तोच नमुना दुसऱ्या दिवशी निराळे उत्तर देई. लॉस अँजेल्स येथील पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सूक्ष्म कोशिकाघातक परीक्षेने ही अडचण दूर केली. लहान खळगे असलेल्या प्लॅस्टिकच्या तबकडीत प्रत्येक खळग्यात ज्ञात रक्तरसाचा सुमारे एक मायक्रोलिटर (लिटरचा दशलक्षांश भाग) थेंब ठेवतात व तो वाळू नये म्हणून त्यावर खनिज तेल घालतात. ज्याची परीक्षा करावयाची त्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या लसीका कोशिका (श्वेत कोशिकांचा एक प्रकार) प्रत्येक थेंबात सोडतात. सुमारे अर्ध्या तासानंतर सशाच्या रक्तरसातील पूरक (प्रतिपिंड चिकटलेल्या कोशिकेचे आवरण भेदणारा प्रथिनसमूह) घालतात आणि आणखी तासाभराने रंजकद्रव्य. मेलेली कोशिका रंग शोषून गडद दिसते, जिवंत कोशिका चकाकत राहते. कोणत्या खळग्यांतील कोशिका मेल्या यावरून त्या व्यक्तीचे प्रतिजन कळतात. सर्व काम तीन-चार तासांत व अगदी थोड्या रक्तावर होते. दुर्मिळ रक्तरसाचा एक मिलिलिटर हजार परीक्षांना पुरू लागला, हे या पद्धतीच्या प्रसाराचे खरे कारण होय.

तरीही प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या प्रतिजनांना आपापली नावे देत होती. बर्नार्ड एमॉस यांनी १९६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे संशोधकांना एकत्र बोलावून त्यांच्याकडून समान नमुन्यांची परीक्षा करविली, तेव्हा निष्कर्षांत फारच थोडा मेळ आढळला. अशा परिषदांत एकाच टेबलाशी बसून चुका उघड्या पाडण्याची जी प्रथा पडली, तिचे मोल मोठे आहे. लायडन (१९६५) व तूरिन (१९६७) येथील परिषदांनंतर चित्र स्पष्ट झाले. तूरिन येथे रूजेरो चेपेलीनी यांनी कुटुंबांतील व्यक्तींची रक्ते तपासावयास दिली. त्यावरून हे प्रतिजन एका संलग्न जीनसमूहाकडून ठरतात व तो समूह पालकाकडून अपत्याकडे अखंड जातो, असे दिसून आले. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचे हे प्रतिजन पूर्णतः जुळण्याची शक्यता चारात एक असते. या संहतीस १९६८ मध्ये अधिकृत नाव देण्यात आले. आज ती एचएलए म्हणून ओळखली जाते. तिचे जीन सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतात.

वर्गीकरण असे सुधारत असतानाच शस्त्रक्रियागृहात एक भयावह घटना वारंवार दिसे. मूत्रपिंड जोडून रक्तप्रवाह सुरू करताच ते गुलाबी होई आणि काही मिनिटांत निळेकाळे पडे. डेन्मार्कमधील फ्लेमिंग किसमायर-नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती, असे दाखविले. आर. पटेल व तेरासाकी यांनी १९६९ मध्ये २२५ प्रतिरोपणांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्या ३० रुग्णांच्या रक्तरसाने दात्याच्या कोशिका मारल्या होत्या, त्यांपैकी २४ जणांची मूत्रपिंडे तत्काळ निकामी झाली. उरलेल्या १९५ पैकी केवळ ८ जणांची. या आकड्यांनंतर वादाला जागा उरली नाही. ग्राहीचा रक्तरस व दात्याच्या लसीका कोशिका प्रत्यक्ष एकत्र करून पाहण्याची ही आडजुळणी परीक्षा मूत्रपिंड प्रतिरोपणापूर्वी अनिवार्य ठरली. तिच्यासाठी प्रतिजनांची नावे माहीत असण्याचीही गरज नव्हती. म्हणजे ती तंत्रदृष्ट्या काही वर्षे आधीही करता आली असती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ निघाले नाही. भावंडांतील प्रतिरोपणात जुळणीचा लाभ स्पष्ट दिसे. परंतु मृत दात्यांच्या मूत्रपिंडांबाबत तो तितका दिसत नाही, असे तेरासाकी यांनी १९७० मध्ये हेग येथील परिषदेत सांगितले. आपल्याच परीक्षेची मर्यादा जाहीर करणारे हे निवेदन अनेकांना रुचले नाही. उलगडा पुढे झाला : तोपर्यंत तपासले जात नव्हते अशा दुसऱ्या वर्गाच्या प्रतिजनांचे, विशेषतः एचएलए-डीआर यांचे, महत्त्व १९७८ च्या सुमारास कळून आले. याआधी हे भेद दोघांच्या लसीका कोशिका पाच-सहा दिवस एकत्र वाढवून पाहावे लागत. मृत दात्याचे मूत्रपिंड इतका काळ टिकत नसल्याने त्या परीक्षेचा तेथे उपयोग नव्हता. अस्थिमज्जेच्या बाबतीत जुळणीचे महत्त्व कधीच वादग्रस्त नव्हते, कारण तेथे प्रतिरोपित कोशिकाच ग्राहीवर उलटतात. सायक्लोस्पोरीन हे औषध १९८० नंतरच्या दशकात वापरात आल्यावर काही शस्त्रक्रियातज्ञ जुळणीची गरजच संपली असे म्हणू लागले, हा उत्साह अवाजवी होता.

डीएनए रेणूचा इष्ट भाग अनेक पटींनी वाढविण्याचे तंत्र १९८५ नंतर हाती आले व रक्तरसांवरील वर्गीकरण हळूहळू मागे पडले. आता जीनांचा अनुक्रम थेट वाचतात. ज्ञात एचएलए प्रकारांची संख्या ३० हजारांहून अधिक झाली आहे. प्रतिपिंडे ओळखण्यासाठी एकेक प्रतिजन चिकटविलेले सूक्ष्म मणी वापरतात. कोशिका मारण्याची जुनी परीक्षा मात्र आडजुळणीसाठी अजूनही केली जाते.

भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि वेल्लोर येथे १९७१ मध्ये जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वी रीत्या बसविले गेले. रक्तगट जुळणे ही पहिली पायरी असते. मुंबईत वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या ‘बाँबे’ रक्तगटाच्या व्यक्तीला तर ओ गटाचा दाताही सामान्यतः चालत नाही. मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम (१९९४) झाल्यावर दाता खरोखर जवळचा नातेवाईक आहे याचा पुरावा म्हणूनही ऊतक वर्गीकरणाचा आधार घेतला जाऊ लागला. परीक्षेच्या जनकांनी हा उपयोग कल्पिला नसावा.

येथील जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे व ग्राहींमध्ये पुरुषांचे प्रमाण अधिक आहे. याची कारणे प्रामुख्याने सामाजिक आहेत. तथापि एक कारण प्रयोगशाळेतही दिसते. पत्नी पतीला मूत्रपिंड देते तेव्हा आडजुळणी बहुधा निर्विघ्न ठरते. पती पत्नीला देऊ इच्छितो तेव्हा, तिला मुले झाली असल्यास, तिच्या रक्तात पतीच्याच प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे असण्याचा संभव असतो. डायालिसिसवर (कृत्रिम रीतीने रक्तशुद्धी करण्याच्या उपचारावर) असताना पंडुरोगासाठी रक्त दिले गेले असल्यास प्रतिपिंडांची व्याप्ती आणखी वाढते. ज्या प्रतिपिंडांनी एके काळी जगभरच्या प्रयोगशाळांना साधन पुरविले, तीच या स्त्रियांच्या प्रतीक्षेचे कारण होतात. रक्तद्रव बदलून प्रतिपिंडे कमी करण्याचे उपचार आहेत, पण ते खर्चिक आहेत. उपर्युक्त अधिनियमात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, ज्यांचे दाते जुळत नाहीत अशा दोन कुटुंबांना परस्परांचे दाते बदलून घेण्याची मुभा दिली. अशा अदलाबदलीतही दोन्ही जोड्यांची आडजुळणी स्वतंत्रपणे करावी लागते.