ग्वाल्हेरचे श्रीराम अभ्यंकर आणि न विलगणारे बिंदू

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पाहुण्यापुढे शहराची थोरवी सांगण्याची वेळ आली की आम्ही कृष्णराव पंडितांपासून आरंभ करतो, राजकवी तांब्यांवर येतो आणि तेथेच बहुधा थांबतो. गणिताच्या जगात ज्याच्या नावाचा प्रश्न जवळजवळ चार दशके उभा होता, असा एक पुरुष ह्याच लष्कर-ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत वाढला, हे आमच्यापैकी अनेकांस ठाऊक नसते. त्याचे कारण उघड आहे. गाणे कानावर पडते, कविता पाठ होते. गणित मात्र कोणी तरी समजावून द्यावे लागते. तो अल्प प्रयत्न येथे करीत आहोत.

श्रीराम शंकर अभ्यंकर ह्यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैनला झाला. वडील शंकर केशव अभ्यंकर हे ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते, त्यामुळे मुलाचे बाळपण ग्वाल्हेरला गेले. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपला तळ येथे हलविल्यावर ज्या वाटेने आमच्या पूर्वजांची बिऱ्हाडे आली, तीच ही वाट. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली पदवी, नंतर हार्वर्ड आणि तेथे ऑस्कर झारिस्की ह्यांच्या हाताखाली १९५५ साली पीएच.डी. १९६३ पासून २ नोव्हेंबर २०१२ रोजी झालेल्या निधनापर्यंत ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होते. १९७६ साली पुण्यास भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापून त्यांनी इकडचा धागाही राखला.

आता त्यांच्या प्रश्नाकडे वळू. बिंदूंच्या एखाद्या समूहात ‘जवळ’ म्हणजे काय, हे ठरविण्याच्या व्यवस्थेस गणितात संस्थिती म्हणतात. प्रत्येक बिंदूभोवती काही परिसर नेमून दिलेले असतात. दोन निराळ्या बिंदूंना एकमेकांस न छेदणारे परिसर देता आले, तर ते बिंदू विलग झाले असे समजावे. शेजारच्या दोन घरांची अंगणे वेगळी असावीत, तशीच ही गोष्ट. आम्हांस ती इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यावाचून भूमिती चालेल कशी, असा प्रश्न पडावा.

परंतु अभ्यंकरांच्या गुरूंच्या नावाने ओळखली जाणारी झारिस्की संस्थिती ह्या अटीत बसत नाही. तीत बहुपदींच्या समीकरणांनी जे बिंदू पकडता येतात, तेवढेच वगळण्याची मुभा असते. सरळ रेषेवर एका बहुपदीची मुळे मोजकीच असणार. म्हणून प्रत्येक परिसर म्हणजे मोजके बिंदू सोडून उरलेली अवघी रेषा. असे कोणतेही दोन परिसर एकमेकांस छेदतातच. बिंदू निराळे आहेत, पण अंगण सामाईक. अशा रेषेवर वास्तव किमती घेणारे संतत फलन, म्हणजे जवळच्या बिंदूंना जवळच्याच किमती देणारा नियम, शोधू गेल्यास स्थिर फलनाखेरीज काही हाती लागत नाही.

ह्याच्या नेमके उलट जग संस्थितिक गटांचे आहे. गटातील घटकांचा गुणाकार करता येतो, प्रत्येकास व्यस्त असतो, आणि ह्या दोन्ही क्रिया संतत असाव्यात एवढीच येथे अधिक अट. एवढ्याशा अटीतून जे निष्पन्न होते ते पाहून प्रथम विश्वास बसत नाही. कोणत्याही दोन घटकांपैकी एकास तरी दुसऱ्यास वगळणारा परिसर आहे, इतके दुबळे गृहीत धरले, तरी सर्व घटक पूर्णपणे विलग होतात. युक्ती सोपी आहे. एकदाच्या भोवतीचा परिसर गुणाकाराने हव्या त्या घटकापाशी नेऊन ठेवता येतो. म्हणून एका घरी जी व्यवस्था, तीच सर्व घरी. शिवाय गुणाकार संतत असल्याने एका परिसराच्या आत इतका लहान परिसर सापडतो की त्यातील कोणत्याही दोन घटकांचा गुणाकार मोठ्याच्या बाहेर जात नाही. हे पुन्हा पुन्हा करीत गेले की अर्धा, पाव, अर्धपाव अशा खुणांची पट्टीच तयार होते आणि तिच्यावरून एका घटकापाशी शून्य व दूर सर्वत्र एक अशी किंमत घेणारे संतत फलन उभे राहते. हा विचार १९३७ साली सर्वसामान्य रूपात मांडणाऱ्यांत आंद्रे वेय हे होते. हे फ्रेंच गणिती १९३० ते १९३२ ह्या काळात आपल्या शेजारच्या अलीगढला प्राध्यापक होते, आणि गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांना त्यांनीच तेथे बोलाविले होते.

म्हणजे झारिस्की संस्थितीतली रेषा, बेरजेसह, संस्थितिक गट होऊच शकत नाही. झाली असती तर तिचे बिंदू विलग झाले असते.

अभ्यंकरांनी ह्या न विलगणाऱ्या रेषेलाच एक प्रश्न विचारला. तिच्यावर दुसरा वक्र असा पसरता येईल का, की प्रत्येक बिंदूच्या वर सारखेच बिंदू यावेत व कोठेही दोन बिंदू मिळून एक होऊ नयेत? नेहमीच्या संख्यांत रेषेवर असे खरे आच्छादन नाहीच. पण वार मोजताना सात म्हणजे शून्य धरतो, तसे अंकगणित घेतले तर य⁷ − य = क्ष हे समीकरण पाहावे. य हे एक उत्तर असेल तर य + १ हेही उत्तर. असे प्रत्येक क्ष वर सात निराळे बिंदू, सर्वत्र. सातऐवजी कोणतीही मूळ संख्या चालेल. अशा सर्व आच्छादनांच्या सममिती एकत्र केल्या की एक प्रचंड संस्थितिक गट मिळतो. (अशा अनंत गटांना संस्थिती देण्याची कल्पना वोल्फगांग क्रुल ह्यांची, १९२८ सालची.) ह्या गटातील दोन घटक निराळे असतील, तर कोणते तरी एक सांत आच्छादन तो भेद दाखविते, म्हणजे सांत गटात जाणारे संतत फलनच त्यांना विलग करते. खालच्या रेषेने जे नाकारले, ते वरच्या गटाने दिले.

हा गट कोणत्या सांत गटांवर संततपणे पसरतो? १९५७ साली अभ्यंकरांनी अटकळ मांडली. रेषेपुरते सांगायचे तर, ज्या सांत गटाची सर्व रचना त्या मूळ संख्येच्या घाताइतक्या आवर्तनाच्या घटकांपासून होते, ते सर्व गट मिळतात, आणि तेवढेच. सेर ह्यांनी १९९० साली एक महत्त्वाचा भाग सिद्ध केला. १९९४ साली मिशेल रेनो ह्यांनी रेषेसाठी व डेव्हिड हारबेटर ह्यांनी अन्य वक्रांसाठी ती पूर्ण केली. १९९५ चे कोल पारितोषिक ह्या दोघांस मिळाले.

अभ्यंकरांना मात्र अमूर्त भाषेचे प्रेम नव्हते. १९७६ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात त्यांनी शालेय बीजगणिताची, बहुपदी आणि घातमालांची, बाजू घेतली. त्यास १९७८ चे शोव्हने पारितोषिक मिळाले. आम्हांस त्यांचा हा आग्रह काहीसा एकांगी वाटतो. वर आम्ही जो प्रश्न संतत फलनांच्या भाषेत मांडला, ती भाषा १९६० च्या सुमारास ग्रोथेनडिक ह्यांच्या हातून स्थिर झाली, आणि तिच्यावाचून तो इतक्या थोडक्यात सांगता आला नसता. पण तो दिसला समीकरणे हाताळणाऱ्यास, हेही तितकेच खरे. अटकळ सिद्ध होत असतानाच्या काळात ते स्वतः अमुक गटासाठी अमुक समीकरण असे प्रत्यक्ष लिहून दाखवीत होते. दुर्मीळ मथ्यू गटांसाठीही त्यांनी ती लिहिली.

त्या मोठ्या गटाच्या सर्व सांत प्रतिमा आज ठाऊक आहेत. अखंड गट मात्र अद्याप कोणासही पूर्ण ओळखता आलेला नाही, कारण तो मोजक्या घटकांपासून घडत नाही आणि प्रतिमांच्या यादीवरून त्याची ओळख पटत नाही.