अडखळणारा गिअर आणि दोषाचे निदान



कामगार चळवळीतला माणूस इतिहासावर बोलावयास उभा राहिला म्हणजे तो संपाचाच इतिहास सांगणार, अशी आपली समजूत असेल. परंतु आज मी एका लोखंडी पेटीचा इतिहास सांगणार आहे. मोटारीच्या इंजिनामागे बसून आपले आपण गिअर बदलणारी ही पेटी. माझी शाळा गॅरेजात झाली. तेव्हा दृष्टान्तही तेथलेच येतील.

पूर्वी गिअर बदलणे हे कसबाचे काम होते. हात जरा चुकला की दाते कर्रकन घासत. १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत दोन चाकांचा वेग आधी जुळवून मग दाते गुंतविणारी रचना आली. तिचा जनक अर्ल थॉम्पसन. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये ‘हायड्रामॅटिक’ सिद्ध झाली आणि १९३९ मध्ये ती ओल्ड्समोबिल गाडीबरोबर बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धात ती हलक्या रणगाड्यांत बसली. युद्धानंतर फोर्डनेही आपल्या लिंकन गाडीसाठी ती प्रतिस्पर्ध्याकडून विकत घेतली.

या पेटीत राज्य तेलाच्या दाबाचे. गाडीचा वेग वाढला की गव्हर्नर दाब वाढवून वरचा गिअर मागतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दुसरा दाब त्याला अडवितो. या ओढाताणीतून निर्णय होतो. सर्वांत कठीण प्रसंग दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाण्याचा. पुढच्या संचाचा क्लच सुटून पट्टा आवळला पाहिजे, आणि त्याच क्षणी मागच्या संचाचा पट्टा सुटून क्लच धरला पाहिजे. चार कामे, वेळ एक! एकाने जरी उशीर केला तरी इंजिन मोकळे ओरडते, नाही तर गाडीला धक्का बसतो.

मी हेल्पर असताना अशी एक जुनी अमेरिकन गाडी आमच्याकडे आली. तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडत होते. उस्तादांनी तत्काळ पेटी उतरविली, नवे पट्टे बसविले. दोष तसाच राहिला! मग ठरले काय, तर “पोराने बोल्ट नीट आवळले नाहीत.” माझा आठ दिवसांचा पगार कापला गेला. पुढे एका वृद्ध मेस्त्रींनी आधी गरम तेलाची पातळी पाहिली, तेल जळके आहे काय ते हुंगून पाहिले, आणि मग अ‍ॅक्सिलरेटरपासून पेटीपर्यंत जाणारा दांडा तपासला. त्याची लांबी चुकली होती. त्यामुळे दाब कमी पडून गिअर वेळेआधी बदलत होता व पट्ट्याची पकड ढिली राहत होती. नट थोडा फिरविला, गाडी सुरळीत झाली. कापलेला पगार मात्र परत मिळाला नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर मिशिगनमधील लिव्होनिया गावी चला. तेथे हायड्रामॅटिकचा प्रचंड कारखाना होता. १२ ऑगस्ट १९५३ रोजी गॅसच्या ज्योतीने काम चालू असता ठिणगी उडाली, कन्व्हेयरखालच्या तेलकट तबकाने पेट घेतला, आणि पाहता पाहता सारा कारखाना भस्मसात झाला. कामगारांचे प्राण गेले. ठिणगीकडेच बोट दाखवून थांबणे सोपे होते. परंतु आत आग अडविणाऱ्या भिंती नव्हत्या, पाण्याचे फवारे इमारतीच्या काही भागापुरतेच होते, आणि छपरावरचे डांबर वितळून खाली ठिबकत होते. ठिणगी हाताची होती. आगीची वाट मात्र आराखड्यातच आखलेली होती. कंपनीने थोड्याच महिन्यांत विलो रन येथील कारखान्यात उत्पादन पुन्हा सुरू केले. यंत्रे पुन्हा आणता आली, माणसे आणता आली नाहीत.

म्हणून माझे सांगणे एवढेच. निदान नेहमी बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे करावे: आधी तेल, मग दांडा, मग दाब, आणि शेवटी पेटी. कारखान्यात अपघात झाला तरी क्रम हाच ठेवावा. सर्वांत खालच्या माणसाचा पगार कापणे हे निदान नव्हे. ती न तपासताच उघडलेली पेटी आहे.